सहा मीटरची खूण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आज मी तुम्हांला एका हिशेबाची गोष्ट सांगणार आहे. हिशेब अकरावीच्या भौतिकशास्त्रातला आहे. तो चुकला तर परीक्षेत दोन गुण जातात. पण हाच हिशेब रस्त्यावर चुकला, तर एखाद्या गरीब माणसाची नुकसानभरपाई जाऊ शकते. म्हणून जरा निवांत ऐका. कागद-पेन्सिल जवळ असली तर उत्तम, नसली तरी अडणार नाही.

काही वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आता ती वकिली करते. पिशवीतून तिने कागदांचा गठ्ठा काढला आणि म्हणाली, "सर, हा पंचनामा बघा, आणि हा त्यांच्या बाजूचा अहवाल बघा. मला यात काहीतरी खटकतंय, पण काय ते सांगता येत नाही."

प्रकरण साधे होते. टोमॅटोचे क्रेट भरलेला एक लहान टेम्पो चौकात सिग्नलला उभा होता. मागून एक मोटार आली आणि टेम्पोवर आदळली. मोटारीचे नाक टेम्पोच्या मागच्या भागात घुसून अडकले आणि दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटल्यासारख्या पुढे घासत जाऊन थांबल्या. टेम्पोचालकाच्या मणक्याला दुखापत झाली. पुढे कित्येक महिने त्याला गाडीवर बसता आले नाही. मोटारवाल्याचे म्हणणे असे, की मी पन्नासच्या वेगाने येत होतो, टेम्पोनेच ऐनवेळी ब्रेक मारला, तेव्हा निम्मा दोष त्याचाच. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दोषाची अशी वाटणी झाली, की भरपाईतही तेवढी कपात होते. रस्त्यावर वेगमर्यादा पन्नासची होती. म्हणजे सगळे येऊन ठेपले ते एका प्रश्नावर. टक्कर झाली तेव्हा मोटारीचा वेग किती होता?

पंचनाम्यात एक वाक्य कामाचे होते. टक्कर झाली त्या जागेपासून, म्हणजे जिथे काचांचा चुरा पडला होता तिथून, दोन्ही वाहने एकत्र सहा मीटर पुढे घासत गेलेली आहेत व रस्त्यावर टायरच्या खुणा आहेत. टकरीच्या आधीच्या खुणा नव्हत्या. मोटारीचे वजन आतल्या माणसांसह बाराशे किलो. टेम्पोचे, मालासह, अठराशे. हे वजन बाजार समितीतल्या पावतीवरून काढले होते, त्यामुळे भरवशाचे.

आता त्या अहवालातला हिशेब ऐका. डांबरी कोरड्या रस्त्यावर रबराचा घर्षणांक सुमारे ०.७ धरतात. म्हणजे घासत जाणाऱ्या गाडीला रस्ता जो विरोध करतो, तो तिच्या वजनाच्या सात-दशांश असतो. दोन्ही गाड्या मिळून तीन हजार किलो. या वस्तुमानाला ९.८ ने आणि ०.७ ने गुणले, की घर्षणाचे बल मिळते. त्याला सहा मीटरने गुणले, की घर्षणाने खाल्लेली ऊर्जा मिळते. ती येते सुमारे एक लाख तेवीस हजार ज्यूल. अहवाल लिहिणारे गृहस्थ पुढे म्हणतात की ही ऊर्जा आली कुठून? तर मोटारीच्या गतीतून. तेव्हा मोटारीची गतिज ऊर्जा तेवढीच होती. त्यावरून वेग काढला, तर तो येतो ताशी ५२ किलोमीटर.

दिसायला चोख. बेरीज-गुणाकारात एकही चूक नाही. ऊर्जा अक्षय्य असते, हे तर आपण शाळेत घोकलेले. मग खटकते कुठे?

खटकते ते टकरीपाशी. त्या गृहस्थांनी टक्कर जणू झालीच नाही असे धरले. दोन गाड्या धडकून एकमेकींत रुतल्या, पत्रा चुरगळला, बंपर फुटला, रेडिएटर फाटला, चौकातले लोक दचकतील एवढा आवाज झाला, हे सगळे काय फुकटात झाले? त्यालाही ऊर्जा लागली. ती मोटारीच्या गतीतूनच गेली, आणि तिची सही रस्त्यावरच्या सहा मीटरच्या खुणेत कुठेही नाही. खूण सांगते ती टकरीनंतर उरलेली ऊर्जा.

बरं, मग पत्रा चुरगळायला किती ऊर्जा लागली, हे मोजायचे कसे? गंमत अशी, की ते मोजावे लागत नाही. निसर्गाने आपल्याला दुसरा एक हिशेब देऊन ठेवला आहे, जो टकरीतही बिघडत नाही. तो म्हणजे संवेगाचा. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. टकरीच्या क्षणी मोटार टेम्पोला जितक्या जोराने पुढे ढकलते, तितक्याच जोराने टेम्पो मोटारीला मागे ढकलतो. एकाने गमावलेला संवेग दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो. पत्रा वाकला, आवाज झाला, तरी या खात्यात फरक पडत नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरींचे नियम मागवले, तेव्हा १६६८ साली जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने न उसळणाऱ्या वस्तूंचा हा नियम लिहून दिला होता. आपली पाठ्यपुस्तके अशा टकरीला अप्रत्यास्थ टक्कर म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ एवढाच, की आदळल्यावर वस्तू चेंडूसारख्या परत उडाल्या नाहीत, चिखलाच्या गोळ्यासारख्या चिकटल्या.

हे नुसते ऐकून पटत नाही, मला ठाऊक आहे. तीस-पस्तीस वर्षे शिकवले, त्यात पहिल्या फटक्यात पटलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटला. म्हणून घरी एक प्रयोग करा. दोन सारख्या काडेपेट्या घ्या. काड्या काढून दोन्हींत सारखी वाळू भरा, म्हणजे जरा वजन येईल. प्लास्टिकचे गुळगुळीत कव्हर घातलेली वही टेबलावर तिरकी टेकवा आणि तिच्यावरून एक काडेपेटी घसरू द्या. ती टेबलावर घसरत कुठवर जाते ते मोजा. समजा, ती चाळीस सेंटिमीटर गेली. आता दुसरी काडेपेटी उतरणीच्या अगदी पायथ्याशी ठेवा. तिच्या पाठीला मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा एक चपटा गोळा लावा, म्हणजे पहिली येऊन आदळली की चिकटेल. पहिली पेटी पुन्हा त्याच उंचीवरून सोडा. जोडी किती लांब जाईल?

बहुतेक जण म्हणतात, वीस सेंटिमीटर. ओझे दुप्पट झाले, म्हणून अंतर निम्मे. ऊर्जेचा भोळा हिशेबही तेच सांगतो. प्रत्यक्षात जोडी दहाच्या आसपास थांबते. दोन-चार वेळा करून बघा. मातीचा गोळा टेबलाला घासणार नाही आणि पेटी तिरकी आदळणार नाही, एवढे पाहा.

दहाच का? संवेग तोच राहिला आणि वस्तुमान दुप्पट झाले, म्हणून वेग निम्मा झाला. आणि घासत जाण्याचे अंतर वेगाच्या वर्गावर ठरते. वेग निम्मा, तर अंतर चौथा हिस्सा. इथे आणखी एक गोष्ट लक्षात येईल. जोडीचे वजन दुप्पट आहे म्हणून घर्षणही दुप्पट आहे, पण थांबवायची वस्तूही दुप्पट जड आहे. दोन्ही एकमेकांना फिटतात. त्यामुळे एकत्र घासत जाणाऱ्या वस्तूंचे अंतर काढताना वजनाची गरजच पडत नाही, वेग आणि घर्षणांक पुरतो. वजन लागते ते त्याच्या आधल्या पायरीला, टकरीच्या. या दोन पायऱ्या एकीत कालवल्या, की घोटाळा झालाच म्हणून समजा. त्या अहवालात नेमके तेच झाले होते.

आता आपल्या चौकात परत येऊ आणि हिशेब मागून पुढे करू, कारण आपल्या हातात शेवट आहे, सुरुवात नाही. सहा मीटर घासून थांबलेल्या जोडीचा टकरीनंतर लगेचचा वेग काढायचा. दोन गुणिले ०.७ गुणिले ९.८ गुणिले ६, म्हणजे ८२ च्या जवळपास. त्याचे वर्गमूळ नऊ. सेकंदाला नऊ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३३ किलोमीटर. हा जोडीचा वेग. आता संवेग. तीन हजार किलोची जोडी ३३ ने निघाली, तो सगळा संवेग बाराशे किलोच्या मोटारीने आणलेला होता, कारण टेम्पो उभा होता. तीन हजार भागिले बाराशे म्हणजे अडीच. तेहेतीसची अडीचपट केली, की ताशी ८२ किलोमीटर.

बावन्न कुठे आणि ब्याऐंशी कुठे! तीच खूण, तीच वजने, तोच घर्षणांक. या हिशेबाने मोटारीच्या मूळ ऊर्जेपैकी साठ टक्के ऊर्जा टकरीतच खर्च झाली आणि रस्त्याच्या वाट्याला चाळीस टक्के आली. जाता जाता सांगतो, पत्रा चुरगळला म्हणून आपण हळहळतो, पण त्याने चुरगळून जी ऊर्जा गिळली, तेवढी आतल्या माणसांच्या हाडांपर्यंत पोहोचली नाही. गाडीचे नाक मुद्दाम दबणारे बनवतात ते याचसाठी.

ही दोन पायऱ्यांची युक्ती जुनी आहे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजाने १७४२ साली तोफखान्यावरच्या आपल्या पुस्तकात बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याची रीत दिली. लाकडाचा जड ठोकळा टांगायचा, त्यात गोळी मारायची आणि ठोकळा किती झोका घेतो ते पाहायचे. डोळ्याला न दिसणारी गोळी त्याने अशी मंद करून मोजली. तिथेही त्याने गोळीची ऊर्जा थेट झोक्याशी जुळवली असती, तर उत्तर हास्यास्पद आले असते. दहा ग्रॅमची गोळी एक किलोच्या ठोकळ्यात रुतली, तर तिची नव्व्याण्णव टक्के ऊर्जा लाकूड फाडण्यात आणि तापवण्यात जाते. झोक्याला उरतो जेमतेम एक टक्का.

तर माझी विद्यार्थिनी खूश झाली. ब्याऐंशी! तिने लगेच वहीत लिहून घेतले. मी म्हटले, "थांब गं, एवढ्यात खोडरबर आत ठेवू नकोस."

कारण आता माझ्याच हिशेबात मला खटकत होते. दोन्ही गाड्यांवर घर्षण ०.७ लागले, असे मी धरले होते. पण घर्षण काही जोडी बघून लागत नाही, ते एकेका चाकाखाली लागते. जे चाक अडकलेले आहे, ते घासते आणि पूर्ण विरोध करते. जे मोकळे फिरते आहे, त्याचा विरोध नावापुरता. टेम्पोचा पायाखालचा ब्रेक दाबलेला असेल, तर त्याची चारही चाके अडकतील. नुसता हँडब्रेक ओढलेला असेल, तर मागचीच दोन. मोटारीच्या चालकाने टकरीआधी ब्रेक करकचून दाबल्याचे चिन्ह नव्हते. समजा मोटारीची चारही चाके मोकळी फिरत राहिली आणि फक्त टेम्पो घासला. मग अठराशे किलोच्या टेम्पोचे घर्षण तीन हजार किलोला थांबवणार. जोडीचा वेग येतो ताशी २५ आणि मोटारीचा आधीचा ६३. टेम्पोचा नुसता हँडब्रेक असता, तर आकडा पन्नासच्याही खाली उतरला असता! म्हणजे चुकीच्या रीतीने काढलेला बावन्नचा आकडा योगायोगाने बरोबर ठरण्याची वाट मीच उघडून दिली. वकीलबाईंचा चेहरा उतरला.

पंचनाम्यात टायरच्या खुणा आहेत एवढेच होते. किती पट्टे आणि कोणत्या चाकांचे, याचा पत्ता नव्हता. माझी तक्रार नाही. भर चौकात वाहतूक खोळंबलेली असताना, जखमीला दवाखान्यात पाठवायची घाई असताना पंचनामा लिहिणे किती कठीण असते, ते टेबलावर काडेपेट्या सरकवणाऱ्याने सांगू नये. पण हिशेबाला तेच लागत होते.

दोन आठवड्यांनी ती परत आली ती मोबाइलमध्ये एक छायाचित्र घेऊन. चौकातल्या चहावाल्याने गाड्या बाजूला काढण्याआधी ते टिपले होते. फोटो बारा आणे चांगला होता. टेम्पोच्या चारही चाकांखाली काळे पट्टे येऊन संपत होते. म्हणजे त्याचा पायाखालचा ब्रेक दाबलेला होता, सिग्नलला उभ्या माणसाचा असतो तसा. शिवाय मोटारीच्या पुढच्या दोन्ही चाकांमागे पट्टे होते, टेम्पोच्या पट्ट्यांपासून थोडे सरकलेले. चुरगळलेला पत्रा चाकांवर दाबला गेला होता आणि ती जाम झाली होती. मागची चाके मोकळी होती.

आता हिशेब पुन्हा. इंजिन पुढे असलेल्या मोटारीचे साधारण साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर असते. बाराशेचे साठ टक्के म्हणजे सातशे वीस किलो. त्यात टेम्पोचे अठराशे मिळवले, की घासणारा भार पंचवीसशे वीस किलो. थांबवायची जोडी मात्र तीन हजाराचीच. म्हणजे जोडीला लागलेले घर्षण तिच्या वजनाच्या ०.७ पट नाही, ०.५९ पट. जोडीचा वेग येतो ताशी ३० आणि मोटारीचा टकरीआधीचा सुमारे ७५.

घर्षणांकही काही देवाने कोरून दिलेला आकडा नाही. कोरडे डांबर कुठे ०.६ देते, कुठे ०.८. वाळू सांडलेली असेल, पाऊस पडलेला असेल, तर आणखी कमी. अगदी ओल्या रस्त्यावर ०.४ चा आकडाही धरावा लागतो. जाणकार तपासनीस त्याच रस्त्यावर वजन भरलेला टायरचा तुकडा स्प्रिंगच्या काट्याने ओढून बघतात आणि तिथला घर्षणांक तिथेच काढतात. आमच्याजवळ ती सोय नव्हती. त्या दिवशी रस्ता कोरडा होता, हे दोन्ही बाजूंना मान्य होते. म्हणून मी ०.६ आणि ०.८ अशी दोन्ही टोके धरली. वेग आला ६९ ते ८०.

एक शंका चाणाक्ष श्रोत्यांच्या मनात आली असेल. टकरीच्या क्षणीसुद्धा टेम्पोची चाके रस्त्याला घासतच होती की! मग संवेग अक्षय्य कसा? थोडा गळतोच. पण अशी टक्कर साधारण एक-दशांश सेकंदात आटपते, आणि तेवढ्या वेळात गाड्या एकमेकींना ज्या बलाने ढकलतात, ते टेम्पोखालच्या घर्षणाच्या दहा-बारा पट असते. घर्षणाचा तेवढ्या क्षणातला वाटा धरला, तर मोटारीच्या वेगात ताशी तीन-चार किलोमीटरची भर पडेल, घट पडणार नाही. मी तो वाटा सोडून दिला. म्हणजे माझा आकडा चुकलाच असेल, तर मोटारवाल्याच्या बाजूने चुकला असेल.

"सर, एकच आकडा द्या ना," ती म्हणाली. "कोर्टात 'एकोणसत्तर ते ऐंशी' म्हटलं, की समोरचा वकील विचारणार, तुम्हांला नक्की माहीत नाही का?" मी म्हटले, "नक्की माहीत आहे तेच लिहिलंय. पन्नास नव्हता, हे नक्की. पंचाहत्तरच होता, हे नक्की नाही." शिवाय मी पडलो शाळामास्तर. हा कागद घेऊन एखाद्या अनुभवी तपासनिसाकडे जा, त्याच्याकडून तपासून घे, असे तिला बजावले. तसे तिने केले.

आता अशा खुणा पूर्वीइतक्या ठळक मिळत नाहीत. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींना चाके जाम होऊ न देणारी ब्रेकची व्यवस्था सक्तीची झाली. तिच्यामुळे टकरीआधीचे काळे पट्टे पुसट झाले. पण टकरीत वाकलेल्या पत्र्याने चाक जाम केले, तर त्या व्यवस्थेचे काही चालत नाही आणि पट्टा उमटतोच. कित्येक नव्या गाड्यांत टकरीच्या आधीच्या काही सेकंदांतला वेग साठवून ठेवणारे यंत्रही असते. ज्या जुन्या टेम्पोत ते नाही, त्याच्या चालकाला अजून रस्त्यावरच्या खुणेचाच आधार. तेव्हा अपघात पाहिलात आणि जखमींची सोय लागली असेल, तर गाड्या हलवण्याआधी चाकांखालचे फोटो काढून ठेवा. शेजारी एखादी वीट किंवा चप्पल ठेवा, म्हणजे लांबीचा अंदाज येतो. कोणते चाक घासले आणि कोणते फिरले, ते दिसले पाहिजे.

तो दावा पुढे तडजोडीने मिटला. टेम्पोचालकाला किती मिळाले ते मी विचारले नाही. निम्मा दोष त्याचा, ही मागणी मात्र समोरच्या बाजूने सोडून दिली, असे तिने फोनवर सांगितले. आणि तो बावन्नचा अहवाल लिहिणारे गृहस्थ? त्यांनी तिच्याकडून माझा पत्ता घेतला आणि एका संध्याकाळी घरी आले. भला माणूस. आम्ही चहा घेतला, वाळू भरलेल्या काडेपेट्या काढल्या आणि टेबलावर पट्टी ठेवून मोजत बसलो. पहिल्यांदा अकरा सेंटिमीटर आले, मग साडेनऊ. तिसऱ्या वेळी पेटी तिरकी आदळून टेबलाखाली गेली.